खानदेशातील मोटरसायकल भ्रमंती : जीपीएस उपकरणावर मार्ग आखण्याची सविस्तर पद्धत

जीपीएस उपकरणात फक्त ‘तोरणमाळ’ (सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण) एवढे टाकून धुळ्याहून निघालेला माणूस तोरणमाळला पोहोचतो, यात शंका नाही. मात्र तापी कोणत्या पुलावरून ओलांडायची, घाट कोणत्या वेळी चढायचा, पेट्रोलची शेवटची खात्रीची सोय कुठे मागे पडते, हे सगळे मग उपकरणच ठरवते. ते ठरवताना त्याच्यापुढे असतात नकाशात नोंदलेला रस्त्याचा प्रकार आणि त्या प्रकारासाठी गृहीत धरलेला वेग. रस्त्यावर खडी पसरलेली आहे, फरशी पुलावरून पाणी चालले आहे किंवा कापसाच्या हंगामात जिनिंगबाहेर गाड्यांची रांग लागली आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून माझा आग्रह असा असतो की मार्ग घरी, शांतपणे बसून आपण ठरवावा आणि उपकरणाने तो वाटेत केवळ वाचून दाखवावा. हे साधण्यासाठी काय करावे लागते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. उदाहरणे खानदेशातील आहेत, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील. पद्धत मात्र कुठेही लागू पडते.

उपकरण आणि त्यातला नकाशा

फोनवर नकाशा चालत असताना वेगळे उपकरण कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. शहरात आणि महामार्गावर फोन पुरतो. परंतु मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हँडलवर थेट उन्हात राहिलेला फोन तापून आधी पडदा मंद करतो आणि नंतर बंदच पडतो. मोटरसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. गार्मिनची झूमो मालिका किंवा टॉमटॉमची रायडर मालिका ही मोटरसायकलसाठीच बनवलेली उपकरणे आहेत. त्यांचा पडदा उन्हात वाचता येतो, हातमोजे घालूनही वापरता येतो आणि पावसाने त्यांचे काही बिघडत नाही. ज्यांना एवढा खर्च करायचा नाही, त्यांनी जुना फोन केवळ या कामासाठी वेगळा ठेवावा आणि त्यात इंटरनेटविना चालणारा नकाशा भरून घ्यावा. पुढची सगळी पद्धत त्यालाही तशीच लागू होते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘नेटवर्क नाही, म्हणजे जीपीएस चालणार नाही’ हे खरे नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की उपकरण आपले ठिकाण आणि उंची काढू शकते. त्यासाठी मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवण्यासाठी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या आतल्या भागात नेटवर्क सलग मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उपकरणात असायला हवा, इतकाच त्याचा अर्थ.

नकाशा कोणता, हा प्रश्न उपकरण कोणते यापेक्षा महत्त्वाचा आहे. उपकरणासोबत आलेल्या नकाशात महामार्ग आणि तालुक्याची गावे व्यवस्थित असतात, पण सातपुड्यातील पाड्यांचे रस्ते अनेकदा अपुरे असतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर तयार केलेले मोफत नकाशे गार्मिनच्या उपकरणात टाकता येतात आणि ग्रामीण भागासाठी ते दुसरा नकाशा म्हणून जरूर ठेवावेत. नकाशा जुना असेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे तळोदा आणि नंदुरबार यांच्यामधील तापीवरचा हातोडा पूल. ज्या नकाशात तो नाही, तो नकाशा तळोद्याहून निघालेल्या माणसाला आजही प्रकाशामार्गे वळसा घालून नंदुरबारला नेईल. मोहिमेआधी नकाशा अद्ययावत करावा आणि तो झाल्यावर असा एखादा ओळखीचा नवा पूल त्यात दिसतो का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

याच्या उलट प्रकारही घडतो. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठची अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील जी गावे बुडाली, तिथल्या वाटा जुन्या नकाशांवर अजून दिसू शकतात. नदीकाठाकडे उतरणारी कोणतीही बारीक रेघ उपग्रहचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय मार्गात घेऊ नये. हे काम इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरही करता येते.

आखणीची सुरुवात : पूल आणि घाट

खानदेशाचा नकाशा समोर घेतला की मार्ग कसा आखायचा हे भूगोलच सांगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारा प्रत्येक मार्ग तापीच्या एखाद्या पुलाला बांधलेला असतो आणि खानदेशाबाहेर नेणारा बहुतेक प्रत्येक मार्ग एखाद्या घाटाला. गावे, मंदिरे, किल्ले, जेवणाची ठिकाणे हे सगळे नंतर ठरते. आधी पूल आणि घाट कागदावर लिहून काढावेत.

पश्चिमेकडून पाहत गेले तर तळोदा-नंदुरबार रस्त्यावर हातोडा, शहादा-नंदुरबार रस्त्यावर प्रकाशा, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर सारंगखेडा, शिंदखेडा-शिरपूर रस्त्यावर गिधाडे, धुळे-शिरपूर महामार्गावर सावळदे, अमळनेर-चोपडा रस्त्यावर सावखेडा-निमगव्हाण, जळगावहून चोपडा आणि यावलकडे जाताना विदगाव आणि पुढे भुसावळ-यावल रस्त्यावरचा पूल, असे तापीचे मुख्य पूल लागतात. काही ठिकाणी, उदाहरणार्थ खेडीभोकरी आणि भोकर यांच्यामध्ये, पावसाळ्यानंतर पाणी उतरले की तात्पुरता पूल बांधून वाहतूक चालवण्याची प्रथा राहिली आहे. नकाशावर अशी रेघ बारमाही रस्त्यासारखीच दिसते आणि ‘कमी अंतर’ हा पर्याय निवडलेला असेल तर उपकरण नेमकी तीच उचलते. जिथून तापी ओलांडायची, त्या पुलाच्या बरोबर मध्यावर एक बिंदू, म्हणजे मार्ग जिथून गेलाच पाहिजे अशी नकाशावरची खूण, ठेवावा. पुलावर बिंदू असला की उपकरणाला दुसऱ्या पुलाकडे पळायला वाव राहत नाही. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या सगळ्या काठाला सावधगिरीचा इशारा दिला जातो. त्या दिवसांत प्रत्येक मार्गासाठी एक पर्यायी पूल ठरवून तो वेगळा मार्ग म्हणून उपकरणात तयार ठेवणे मला आवश्यक वाटते.

घाटांच्या बाबतीत त्यांची जातकुळी ओळखावी. धुळे-सुरत महामार्गावरचा कोंडाईबारी घाट रुंद आहे, पण तिथे अवजड वाहनांची सततची वर्दळ असते. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे नेणारा कन्नड घाट, म्हणजेच औट्रम घाट, दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. तळोद्याच्या बाजूने धडगावकडे चढणारा चांदसैली घाट आणि अक्कलकुव्याहून मोलगीकडे नेणारा देवगोई घाट हे अरुंद, तीव्र वळणांचे आणि पावसाळ्यात बेभरवशाचे आहेत. उपकरणाला हे चारही घाट म्हणजे केवळ रस्ते. त्यामुळे घाट चढण्याची वेळ आपण ठरवावी आणि ती उजेडातली ठरवावी. डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. एवढा एक तासाहून मोठा फरक मार्गाच्या लांबीत धरावाच लागतो.

ठिकाण नेमके शोधणे

नाव टाकून शोध घेणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी पायरी आहे. उनपदेव नावाचे गरम पाण्याचे झरे खानदेशात दोन ठिकाणी आहेत, एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ आणि दुसरे शहादा तालुक्यात. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, पण एकमेकांपासून पुष्कळ दूर. रावेर तालुक्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण शोधायला गेले तर सातारा जिल्ह्यातील खंडोबाचे पालही समोर येते. मुक्ताईनगर काही नकाशांत एदलाबाद या जुन्या नावाने सापडते. धडगाव न सापडल्यास अक्राणी शोधावे. शिंदखेड्याचे स्पेलिंग ‘शि’ने आणि ‘सि’ने असे दोन्ही प्रकारे पाहावे लागते. अजिंठ्याच्या बाबतीत तर लेणी आणि अजिंठा गाव यांत घाटाचे अंतर आहे. गाव घाट चढून वर लागते, लेणी घाटाच्या खाली आहेत, आणि स्वतःचे वाहन लेण्यांपर्यंत जातच नाही. ते फर्दापूरच्या तिठ्यावर लावून पुढे बसने जावे लागते. म्हणून अंतिम बिंदू लेण्यांवर न ठेवता त्या वाहनतळावर ठेवावा. लेणी सोमवारी बंद असतात, हेही बिंदूच्या टिपणात लिहून ठेवावे.

याहून अधिक गोंधळ फाट्यांमुळे होतो. आपल्याकडे रस्त्याची खरी खूण फाटा असते आणि गाव त्याच्यापासून कितीतरी आत असते. मार्गात गावाचे नाव टाकले की बिंदू गावाच्या मध्यावर, बहुधा चावडीजवळ किंवा बाजारपेठेत पडतो. मग उपकरण महामार्ग सोडून गावात शिरायला लावते आणि त्याच वाटेने परत फिरवते. संगणकावर नकाशा मोठा करून पाहिले तर मुख्य मार्गाला फुटलेला एक छोटा काटा दिसतो. असा काटा दिसला की बिंदू उचलून फाट्याच्या पुढे, ज्या रस्त्याने जायचे आहे त्या रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर अंतरावर ठेवावा. नेमक्या चौकात कधीही बिंदू ठेवू नये, कारण चौकात बिंदू कोणत्या रस्त्याचा आहे हे उपकरणाला कळत नाही.

दुभाजक असलेल्या महामार्गावर आणखी एक काळजी घ्यावी. महामार्ग क्रमांक ५२ आणि ५३ यांवर नकाशात दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या रेघा असतात. बिंदू चुकून समोरच्या बाजूच्या रेघेवर पडला, तर उपकरण पुढच्या वळणापर्यंत नेऊन उलटे आणते, त्या बिंदूला स्पर्श करवते आणि पुन्हा वळवते. आखलेल्या मार्गाचे एकूण अंतर अपेक्षेपेक्षा आठ-दहा किलोमीटरने जास्त दिसले, तर सर्वप्रथम हेच तपासावे.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले असतील तर ते कोणत्या पद्धतीत लिहिले आहेत हे विचारून घ्यावे. २१.३० अंश आणि २१ अंश ३० मिनिटे ही एकच गोष्ट नाही. पहिल्याचा अर्थ २१ अंश १८ मिनिटे असा होतो. दोहोंतील फरक १२ मिनिटांचा आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे चूक झाली तर ठिकाण २२ किलोमीटर उत्तरेला सरकते आणि शिरपूरजवळचे मंदिर सातपुड्याच्या डोंगरात जाऊन पडते. उपकरणाच्या सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडून ठेवावी आणि प्रत्येक ठिकाण त्याच पद्धतीत लिहावे, हे सर्वांत सोयीचे.

रूट आणि ट्रॅक

जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये तीन प्रकारची माहिती साठवता येते. वेपॉइंट म्हणजे एकटे ठिकाण : पेट्रोल पंप, मुक्काम, गॅरेज. रूट म्हणजे ठरावीक क्रमाने घेतलेले थोडे बिंदू, ज्यांच्यामधला रस्ता उपकरण स्वतःच्या नकाशावरून स्वतः काढते. ट्रॅक म्हणजे शेकडो-हजारो बिंदूंची गोठलेली रेघ, जी उपकरण बदलत नाही, फक्त दाखवते. हा भेद नीट समजला की मार्ग आखण्यातील बहुतेक अडचणी सुटतात.

रूट वापरला की ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ अशा सूचना मिळतात, पोहोचण्याची वेळ कळते. पण संगणकावर आखताना वापरलेला नकाशा आणि उपकरणातला नकाशा वेगळे असतील, तर त्याच बिंदूंमधून दोघे दोन वेगळे रस्ते काढू शकतात आणि उपकरण तसे काही न सांगता आपला रस्ता पुढे करते. ट्रॅक मात्र तुम्ही आखला तसाच राहतो. त्यात वळणांच्या सूचना बहुधा मिळत नाहीत. म्हणून दोन्ही घ्यावेत. आधी रूट आखावा, तो पूर्ण तपासून झाला की त्याच्यापासून ट्रॅक तयार करावा आणि दोन्ही उपकरणात भरावेत. रूट निळ्या रंगात ठेवला असेल, तर ट्रॅक लाल किंवा काळ्या रंगात कायम दिसेल असा ठेवावा. रस्त्याने जाताना दोन्ही रेघा एकावर एक असतील तोवर काळजी नाही. ज्या ठिकाणी त्या वेगळ्या होतात, तिथे उपकरणाने तुमचा मार्ग बदललेला आहे. गाडी बाजूला घ्यावी आणि ट्रॅकच्या मागे जावे. हे इतके उपयुक्त आहे की सबंध लेखातील एकच सूचना पाळायची असेल, तर हीच पाळावी असे मी म्हणेन.

आता बिंदू किती आणि कसे ठेवावेत ते पाहू. गार्मिनच्या उपकरणांत मार्गातील बिंदू दोन प्रकारचे असतात. व्हाया पॉइंट हा थांबा असतो. तो येताना घोषणा होते आणि तो चुकला तर उपकरण पुन्हा पुन्हा तिकडे वळवू पाहते. शेपिंग पॉइंट हा मार्गाला आकार देण्यासाठी असतो आणि तो मुकाट्याने ओलांडला जातो. जेवण, पेट्रोल आणि मुक्काम एवढेच व्हाया पॉइंट ठेवावेत. पूल, फाटे आणि घाटाचा पायथा यांसाठी शेपिंग पॉइंट वापरावेत. बिंदू कमी पडले तर उपकरण मनमानी करते. फार झाले तर एखादा चुकण्याचा संभव वाढतो. माझा नियम असा की जिथे उपकरण दुसरा रस्ता निवडू शकेल अशा प्रत्येक जागेच्या थोडे पुढे एक बिंदू ठेवावा आणि जिथे दुसरा रस्ताच नाही तिथे एकही ठेवू नये. शहाद्यापासून तोरणमाळपर्यंत त्यामुळे दोन-तीन बिंदू पुरतात. जळगाव शहराच्या बाहेर पडताना मात्र तेवढे सुरुवातीलाच खर्ची पडतात.

दिवसाचा मार्ग एकाच फाइलमध्ये ठेवण्याऐवजी जेवणाआधीचा आणि नंतरचा असे दोन भाग करावेत. वाटेत काही बिघडले तर सगळा दिवस नव्याने मोजावा लागत नाही. फाइलचे नाव क्रमांकाने सुरू करावे आणि ते रोमन लिपीत ठेवावे, कारण अनेक उपकरणांत देवनागरी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

सेटिंग

मार्ग काढण्याची पसंती ‘जलद’ अशी ठेवावी आणि आपल्याला हवे ते वळण बिंदूंनी घडवावे. ‘कमी अंतर’ हा पर्याय खानदेशात शेतरस्त्यांवर आणि काळ्या मातीच्या वाटांवर नेतो, आणि पहिल्या पावसानंतर त्या मातीत चाक मडगार्डपर्यंत भरते. ‘वळणदार’ किंवा ‘साहसी’ असा पर्याय असेल तर तो कल्पना सुचण्यासाठी घरी वापरून पाहावा, रस्त्यावर नव्हे. कच्चे रस्ते टाळण्याची खूण चालू ठेवावी. टोल टाळण्याची गरज नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना टोल लागत नाही, आणि ती खूण चालू राहिली तर उपकरण चांगला रस्ता सोडून भलतीकडे नेते. याउलट समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. विदर्भात किंवा नाशिक-संभाजीनगरकडे जाताना उपकरण तिकडे ओढत नाही ना, हे संगणकावरच पाहून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची सेटिंग पुनर्गणनेची आहे. मार्ग सुटला की उपकरणाने आपोआप नवा मार्ग काढू नये. ‘विचारून’ हा पर्याय निवडावा. पुलावर काम चालू असल्याने बाजूच्या रस्त्याने काढले तर तुम्ही नकार देऊन ट्रॅकच्या आधारे परत मार्गावर येऊ शकता. आपोआप पुनर्गणना चालू असेल तर तेवढ्या निमित्ताने उपकरण पुढचा सगळा मार्ग बदलून टाकू शकते.

एक नमुना : धुळे, तोरणमाळ, नंदुरबार, धुळे

पद्धत प्रत्यक्षात कशी उतरते ते दोन दिवसांच्या या मार्गावर पाहू. पहिल्या दिवशी धुळ्याहून महामार्गाने सोनगीर, तिथून चिमठाणे आणि दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा आणि म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळ. एकूण अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. केवळ ‘धुळे ते शहादा’ विचारले तर उपकरण शिरपूरमार्गेही नेऊ शकते, म्हणून पहिला शेपिंग पॉइंट सोनगीरहून दोंडाईच्याकडे वळल्यावर थोडे पुढे, दुसरा सारंगखेड्याच्या पुलावर ठेवावा. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. त्या काळात पुलाच्या दोन्ही बाजूंना गर्दी असते, तेव्हा वेळ वाढवून धरावा किंवा प्रकाशाच्या पुलाने जावे. शहादा हा व्हाया पॉइंट : इथे जेवण आणि टाकी पूर्ण भरणे. पुढचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर उपकरण सव्वा तासाचे सांगेल. तापीच्या खोऱ्यातून सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळपर्यंत हजार मीटरची चढण आहे आणि शेवटच्या घाटात वळणामागून वळण येते. पाहण्यासाठी थांबत जायचे असेल तर दोन तास धरावेत. यशवंत तलावाजवळ मुक्काम ठरलेला असो वा नसो, दुपारी चारच्या आत वर पोहोचेल असे गणित मांडावे.

दुसऱ्या दिवशी धडगावकडे उतरून चांदसैली घाटाने तळोद्याच्या सपाटीवर यावे, हातोडा पुलावरून नंदुरबार गाठावे आणि छडवेल, निजामपूर करत शेवाळी फाट्याला धुळे-सुरत महामार्गाला लागावे. छडवेल परिसरात पवनचक्क्या दिसू लागतात. त्या जिथे उभ्या आहेत तिथे वारा असतोच, आणि तो आडवा लागला की हलकी गाडी बाजूला सरकते. हेही मार्गाच्या टिपणात यावे. या दिवसासाठी दोन मार्ग तयार ठेवावेत. पहिला चांदसैलीचा. दुसरा, घाट बंद असल्यास, आल्या वाटेने शहाद्याला उतरून प्रकाशामार्गे नंदुरबार. जुलै ते सप्टेंबरात मी दुसराच मार्ग मुख्य धरावा असे सुचवीन.

पेट्रोलचे गणित साधे ठेवावे. टाकी १३ लिटरची आणि सरासरी ३५ किलोमीटरची असेल, तर कागदावर ४५५ किलोमीटर होतात. घाटातील जादा खप आणि चुकलेली वाट यांसाठी चौथा भाग सोडून ३४० धरावेत आणि त्याच्या आत पुढचा खात्रीचा पंप आहे का ते पाहावे. नकाशातील पंपांवर विसंबू नये. तालुक्याच्या गावचा किंवा महामार्गावरचा पंपच खात्रीचा मानावा.

गाडीवर बसवणे

उपकरणाची तार थेट बॅटरीला, फ्यूजसह जोडावी, आणि शक्यतो किल्ली बंद केल्यावर वीज तुटेल अशा रिलेमार्फत जोडावी, नाहीतर रात्रभर लागलेले उपकरण सकाळी बॅटरी उतरवून ठेवते. ते दृष्टीच्या खाली, पण मीटर झाकणार नाही असे असावे. लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज होतात. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी उपकरण तारेच्या विजेवर चालत असले तरी त्याची स्वतःची बॅटरी भरत नाही. थांबल्यावर ते काढून सावलीत ठेवावे, उन्हात टाकीवर तापू देऊ नये. फोन वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार वाहन चालवताना हातातील संपर्कसाधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा आहे. बिंदू बदलणे, शोध घेणे ही कामे गाडी उभी करूनच करावीत.

रस्त्यावर

निघण्याआधी रूट सुरू करताना उपकरण पुढचे ठिकाण विचारते. सुरुवातीचा बिंदू निवडला आणि तुम्ही आधीच त्याच्या पुढे असाल, तर ते मागे फिरवते. अशा वेळी ‘सर्वांत जवळचा बिंदू’ हा पर्याय घ्यावा. एखादा बिंदू मुद्दाम सोडायचा असेल तर ‘वगळा’ ही कळ कुठे आहे, हे घरीच शोधून ठेवावे.

सातपुड्याच्या पायथ्याशी शेवटच्या मोठ्या गावात पाच मिनिटे थांबून चौकशी करावी. एसटी वर जाते का, हा माझा पहिला प्रश्न असतो. एसटी जात असेल तर मोटरसायकलला अडचण नसते; बंद असेल तर तिचे कारण ऐकून घ्यावे. विचारताना ‘हा रस्ता धडगावला जातो का’ असे विचारले तर उत्तर ‘जातो’ असेच येते. त्यापेक्षा इथल्या अहिराणी बोलीत ‘भाऊ, घाट चालू शे (आहे) का?’ असे विचारावे. मग ‘चालू शे, पण फरशीवर पाणी शे’ अशी कामाची माहिती मिळते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते कितीही कमी दिसले तरी गाडी घालू नये, आणि अशा वेळी तयार ठेवलेला दुसरा मार्ग उघडावा. मार्गाची एक प्रत घरच्यांच्या फोनवर आणि एक कागदावर, फाट्यांच्या क्रमाने लिहिलेली, टाकीवरच्या पिशवीत असावी.

परतल्यावर उपकरणाने नोंदवलेला प्रत्यक्ष ट्रॅक संगणकावर काढून आखलेल्या ट्रॅकवर ठेवून पाहावा. जिथे दोघांत फरक आहे, तिथे बिंदू दुरुस्त करावा आणि प्रत्येक टप्प्याला खरोखर लागलेला वेळ टिपून ठेवावा. पुढच्या आखणीसाठी उपकरणाच्या अंदाजापेक्षा हीच नोंद अधिक खरी ठरते. नवा पूल, बदललेला फाटा किंवा चुकीचे गावाचे नाव दिसले असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर ती दुरुस्ती कुणालाही करता येते, आणि आपल्या भागातील माणसानेच ती केली पाहिजे. दुरुस्त केलेली फाइल तारखेसह संगणकावर जपावी आणि उपकरणातील जुन्या आवृत्त्या त्याच बैठकीत पुसून टाकाव्यात, म्हणजे पुढच्या खेपेला सारख्या नावाच्या दोन मार्गांतून चुकीचा उघडला जाणार नाही.